वरसेर साहेबांची नाव

भगवंतराव ओव्हरसियर मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते भर पावसात उभे होते आणि हातातली छत्री मिटून त्यांनी नदीत खुपसली होती. छत्रीच्या काळ्या कापडावर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले होते. त्या पट्ट्यांवरून ते काठालगतच्या पाण्याची खोली पाहत होते आणि स्वतः नखशिखांत भिजत होते.

मी तेवीस वर्षांची होते. अमरावतीचे ट्रेनिंग पुरे करून जळगाव जामोद तालुक्यातल्या, पूर्णेच्या उत्तर काठावरच्या एका गावी मुलींच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक झाली होती. नांदुरा स्टेशनवर उतरून बैलगाडी केली. पूर्णाकाठची काळी माती आषाढात काय होते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. ती चाकाला धरते, बैलाच्या खुराला धरते, माणसाची चप्पल तर ठेवूनच घेते. नदीच्या अलीकडे अर्ध्या कोसावर गाडीवानाने हात टेकले. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन त्याने मला काठापर्यंत आणून सोडले आणि म्हणाला, "बाई, आता पुढचं नदीले विचारा."

नेहमीचा डोंगा पुरामुळे बंद होता. मी ट्रंकेवर बसून राहिले. तेवढ्यात छत्रीवाले गृहस्थ वळले. वय साठीच्या आसपास, उंच, काटकुळे, धोतर गुडघ्यावर खोचलेले, अंगात विटका खाकी कोट.

"मास्तरीणबाई तुम्हीच न? काल येणार होत्या तुम्ही. चला. चपला हातात घ्या. उजव्या अंगाले बसा. डावीकडं सरकू नका, आन् दाराले टेकू नका."

"कुठल्या दाराला?" मी विचारले.

त्यांनी छत्रीनेच दाखवले. काठाच्या वळणाआड एक नाव बांधलेली होती आणि त्या नावेवर एक खोली होती. तिला टिनाचे छप्पर होते, गजांची खिडकी होती, आणि खरोखरीचे दार होते. दाराच्या चौकटीवर, घराच्या चौकटीवर असतो तसा, गणपती कोरलेला होता. लखू भोई नावाचा चाळिशीचा एक माणूस बांबू घेऊन पुढच्या टोकाला उभा होता. त्याने माझी ट्रंक घेतली आणि माझ्याकडे पाहून असा हसला की जणू म्हणत होता, घाबरू नका, आम्हीही आधी असेच पाहत होतो.

नदी ओलांडायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात भगवंतराव एकदाही बसले नाहीत. मागे जाऊन सुकाणू ओढले, पुढे येऊन दोर सोडला, पुन्हा बांधला, खोलीत डोकावले, छपरावरची पन्हळ हाताने साफ केली. ते हलले की नाव हले, आणि नाव हलली की ते मला म्हणत, "हलू नका." काठाला लागताना त्यांनी सुकाणूच्या खुंटीकडे नापसंतीने पाहिले आणि म्हणाले, "एवढं एक काम राह्यलं आता. एवढं झालं की निघूच."

"कुठे?" मी विचारले.

"चांगदेवले," ते म्हणाले. "पूर्णा तापीले मिळते तठी."

हे वाक्य पुढच्या चार वर्षांत मी किती वेळा ऐकले याला गणती नाही. काम दर वेळी निराळे असे.

गावाने माझी राहण्याची सोय त्यांच्याच घरी केली होती. मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. घरात ते आणि त्यांच्या पत्नी मथुराकाकू एवढीच माणसे. मूलबाळ नव्हते. गावातले लोक ओव्हरसियर या शब्दाच्या वाटेला न जाता त्यांना 'वरसेर साहेब' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असे.

नोकरीची तीस वर्षे त्यांनी रस्ते, मोऱ्या आणि तलावांचे बांध मोजण्यात घालवली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बदलीचे हुकूम नागपुराहून सुटत आणि भगवंतराव हुकूम यायच्या आधीच सामान बांधून तयार असत. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी एस्टिमेटच्या कागदांच्या पाठीवर नावेचे आराखडे काढले. पेन्शनीत निघाले, वडिलांच्या गावी आले, आणि घराची गळती कौले फिरवायच्या आधी सातपुड्यातले सागवान गाड्यांवर घालून घेऊन आले.

नाव बांधली सखाराम सुताराने. तो बैलगाड्या, तिफणी आणि दारे-चौकटी करणारा. नाव त्याने जन्मात केली नव्हती. भगवंतराव आराखडा दाखवीत आणि सखाराम मान हलवून त्याला येत होते तेच करीत असे. त्यामुळे त्या नावेला फासळ्या बाभळीच्या आणि खिळे गाडीच्या चाकाला मारतात तसले लागले. गणपतीवरून त्या दोघांचा वाद झाला म्हणतात. आराखड्यात गणपती नव्हता. सखाराम म्हणाला, "साहेब, दार म्हटलं की गणपती आला. बिनगणपतीचं दार मी करत नाही. तुम्ही दार नका ठेवू." भगवंतरावांना दार हवे होते. गणपती राहिला.

बेतून करवून घेतलेल्या वस्तूचे सगळे सुख आणि सगळ्या खोडी त्या नावेत होत्या. ती डावीकडे कलत असे. म्हणून पाहुण्यांनी उजवीकडे बसायचे, आणि पाहुणे नसले तर उजवीकडे दोन धोंडे ठेवायचे. दार पावसाळ्यात फुगे, ते लागत नसे. उन्हाळ्यात आकसे, तेव्हा उघडेच राही. खोली उंच झाल्यामुळे पश्चिमेचा वारा तिला छपराशी धरून मागे ढकली. बूड सपाट, त्यामुळे भोवऱ्यात सापडली की ती शांतपणे एक गिरकी घेऊन मगच पुढे जाई. पहिल्यांदा बसणारा माणूस गावाकडे तोंड करून बसे आणि थोड्या वेळाने त्याला समोर दुसरेच गाव दिसे.

पण त्या खोलीत बसून, छपरावर पाऊस वाजत असताना, खिडकीतून उंच दरडी सरकताना पाहणे हे सुख मी नंतर कुठे अनुभवले नाही. वर दरडीच्या कडेवर ज्वारीची हिरवी रांग दिसे, खाली दरडीला पाकोळ्यांची भोके, आणि मध्ये आपण. रस्ते चिखलात बुडालेले, साऱ्या तालुक्यातल्या गाड्या उभ्या, आणि आम्ही मात्र चालत असू. एकदा मी शाळेच्या आठ मुलींना भूगोलासाठी घेऊन गेले. भगवंतरावांनी त्यांना वळणाच्या आतल्या बाजूला वाळू का साठते आणि बाहेरच्या बाजूला दरड का ढासळते ते इतके छान समजावले की मी वहीत टिपून घेतले. शिकवतानाही ते उठून उभेच होते. मुली एकमेकींना धरून बसल्या होत्या.

नावेला नाव नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी 'मथुरा' असे रंगवले. काकूंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "मले पाण्यात ढकलायची इतकी घाई काऊन हो?" दुसऱ्या वर्षी ते खोडून 'पूर्णा' लिहिले; मग त्यांनाच वाटले की नदीचे नाव नदीवर कशाला. तिसऱ्या वर्षी नुसता निळा पट्टा मारला आणि म्हणाले, सुचलं की लिहू.

तहसिलीतही तिचा पेच झाला. घाटावरच्या डोंग्यांची नोंद करणारा कारकून जळगावहून आला आणि त्याने विचारले, "साहेब, हे काय म्हणून लिहू? डोंगा आहे की घर?"

"तुम्ही काय लिहिता नेहमी?"

"डोंगा. माणसं किती, जनावरं किती."

"मंग डोंगा नका लिहू. हा डोंगा नाही."

"घर लिहिलं तर गावठाणात दाखवावं लागते. कोणत्या नंबरात दाखवू? हे तर हलते."

भगवंतराव त्यावर खुश झाले. "हलते म्हणून लिहा," ते म्हणाले. कारकुनाने शेवटी काय लिहिले ते कुणाला कळले नाही, पण पुन्हा तो आला नाही.

गावाला सर्वात मोठी मौज वाटे ती ज्येष्ठात. उन्हाळ्यात पूर्णा आटते. ठिकठिकाणी डोह तेवढे राहतात. गावाखालचा डोह मैलभर लांबीचा, आणि नाव त्यात असे. पण दुरुस्तीसाठी वैशाखात ती काठावर ओढली जाई आणि पंधरा दिवसांत उन्हाने तिच्या फळ्या उकलत. तशीच पाण्यात घातली तर चाळणीसारखी गळे. म्हणून तिला मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून, वर धोंडे ठेवून, आठ दिवस तशीच ठेवायची. लाकूड फुगले की फटी बुजतात. दर वर्षी भगवंतराव स्वतःच्या हाताने आपली नाव बुडवीत, आणि दर वर्षी गावात कुणीतरी म्हणे, "वरसेर साहेबानं नाव बुडवली." ते आठ दिवस मात्र घरात काढणे कठीण जाई. नाव पाण्याखाली आणि हे घरात. जेवताना मध्येच उठून खिडकीचा गज हलवून पाहत. काकू म्हणत, "बसा न हो घटकाभर." ते म्हणत, "बसलं की बूड गंजते."

मी एकदा काकूंना विचारले होते की ते असे का आहेत. नोकरीत काही घडले का, काही मनाला लागले का. मला वाटले होते, काहीतरी जुने दुःख निघेल. काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

"काही नाही पोरी. ते तसेच आहेत. लग्नात बोहल्यावर उभे होते, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, आन् यांनी हात लांबवून मांडवाचा खांब हलवून पाह्यला. पक्का आहे का म्हणून. तव्हाच समजलं मले."

काकू स्वतः त्या नावेत पाय ठेवत नसत. यात रुसवा नव्हता, हिशेब होता. तीस वर्षे त्यांनी तंबूत आणि सरकारी बंगल्यांत बिऱ्हाड मांडले आणि मोडले होते. त्यांच्या चुली कुठे कुठे राहिल्या याची त्या यादी सांगत: चिखली, मेहकर, लोणारच्या अलीकडचे बीबी, नांदुरा, पुन्हा मेहकर. "आता मले एका जागी राहू द्या," त्या म्हणत. "शेजारीण कोण ते मले माहीत पाहिजे. पापड वाळत घातले तं वाळेपर्यंत मी तठीच पाहिजे." भगवंतराव चांगदेवचे बोलू लागले की त्या उठून आत जात. ते मग मला सांगत, लखूला सांगत, कुणी नसले तर गोठ्यातल्या गाईला सांगत. पाच दिवसांचा प्रवास, मध्ये दोन ठिकाणी खडक, नदीतल्या नदीत मुंबई इलाख्यात शिरायचे, आणि मग संगम. सगळे कागदावर काढलेले होते. "एवढं हे एक काम झालं की निघूच." मला तेव्हा वाटे, काकू येत नाहीत म्हणूनच यांची कामे संपत नाहीत.

माझ्या चौथ्या वर्षी माघात काकूंचा दमा बळावला. घरामागेच ज्वारीचे खळे होते. मळणी सुरू झाली की कोंड्याची धूळ सगळ्या घरात बसे. आधीची वर्षे त्या तोंडाला पदर लावून निभावत. त्या वर्षी एका सकाळी त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे झाले. वैद्य आले, त्यांनी मात्रा दिली आणि म्हणाले, "यांना या धुळीतून बाहेर न्या. कुठंही न्या, पण आत्ता न्या."

आजूबाजूच्या प्रत्येक घरामागे खळे होते. भगवंतरावांनी काकूंना उचलले. साठी उलटलेला तो काटकुळा माणूस बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उतरणीने नदीकडे निघाला आणि मी मागून उशी आणि घोंगडी घेऊन धावले. लखूने नाव डोहाच्या मध्यावर नेली. तिथे धूळ नव्हती. पाण्यावरून येणारा वारा स्वच्छ होता. तासाभराने काकूंचा श्वास खाली बसला. त्यांनी डोळे उघडून छप्पर पाहिले, खिडकी पाहिली, चौकटीवरचा गणपती पाहिला.

"इथं बरं वाटते," त्या म्हणाल्या.

भगवंतराव खोलीबाहेर आले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही.

काकू त्या नावेत श्रावणापर्यंत राहिल्या. त्या वर्षी दुरुस्ती नाही, बुडवणे नाही. घरी स्वयंपाक मी करीत असे, आणि सकाळची शाळा सुटली की डबा घेऊन डोहावर जाई. दुसऱ्याच आठवड्यात काकूंनी नावेचा ताबा घेतला. डाव्या भिंतीला एक जड सागवानी कपाट होते, त्यात भगवंतरावांची हत्यारे आणि नकाशे. काकू म्हणाल्या, "हे कपाट काढा."

"कपाट आराखड्यात आहे."

"मंग आराखडाबी काढा. मले झोपल्या झोपल्या नदीत पडल्यासारखं वाटते."

लखूने आणि त्यांनी कपाट काठावर उतरवले. नाव हळूच सरळ झाली. चार वर्षे जी नाव धोंड्यांनी सरळ होत नव्हती ती कपाट काढल्यावर पाटासारखी सपाट बसली. लखू तोंड फिरवून हसला. भगवंतराव बराच वेळ पाण्याची रेघ पाहत राहिले. "असं होय," एवढेच म्हणाले. पण मला मात्र शेवटपर्यंत उजवीकडेच बसायला सांगत.

त्या उन्हाळ्यात मी त्यांचा अस्वस्थपणा पहिल्यांदा समजून घेतला, किंवा निदान त्याचा उपयोग पाहिला. डोह जिथे वळतो तिथे त्याला पूर्वेची आणि पश्चिमेची अशा दोन उंच दरडी होत्या. सकाळी ते नाव पूर्वेच्या दरडीखाली बांधीत, तिथे सावली असे. ऊन चढले की सोडून करंजाच्या झाडाखाली आणीत. दुपार कलली की पश्चिमेच्या दरडीखाली. संध्याकाळी मध्यावर, वाऱ्यासाठी. मध्येच खिडकीवर ओले पोते टाकीत, ते वाळले की पुन्हा ओले करीत. बांबू टेकायचा तो काकूंना धक्का लागणार नाही असा. बुलढाणा जिल्ह्याच्या त्या भट्टीत काकूंच्या अंगावर तीन महिने ऊन पडले नाही. जो माणूस एका जागी बसू शकत नव्हता त्याच्यावाचून हे कुणाला जमले नसते.

काकूंना ते कळत होते. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "जन्मभर म्हटलं, बसा, बसा. बसले असते तं आज मी भाजून निघाली असती."

पहिले पाणी आले आणि डोह नदीला मिळाला. श्रावणात पुराचा जोर ओसरला. काकूंना घरी परत आणायचे ठरले होते, मी खोल्या सारवून ठेवल्या होत्या. मी न्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "मी येत नाही पोरी. आम्ही चांगदेवले चाललो."

भगवंतराव सुकाणूपाशी होते. तेही चकित झालेले दिसले. "एवढं एक सुकाणूचं..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या ते सुकाणू," काकू म्हणाल्या. "पाच वर्षं निघून राह्यले तुम्ही. चला आता."

मी काकूंना बाजूला घेऊन म्हटले की प्रकृती अशी, वाटेत दवाखाना नाही, कशाला हा हट्ट. त्यांनी माझा हात धरला. "माघात पुन्हा खळं येईन. तव्हा मी राह्यते का नाही कोणाले माहीत. तीस वर्षं त्यांच्या मागं फिरली ते सरकारच्या हुकमानं. एक डाव माह्या मर्जीनं जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघे निघाले: भगवंतराव, काकू आणि लखू. काकूंनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. नाव वळणावर गेली तेव्हा भगवंतराव छपरावर उभे होते आणि काकू खिडकीतून त्यांना खाली उतरायला सांगत असाव्यात, कारण हात दिसत होता.

आठव्या दिवशी एक कार्ड आले. अक्षर भगवंतरावांचे, आखल्यासारखे सरळ. "प्रवास ठीक. खडक दोन्ही ओलांडले. मंडळींची प्रकृती बरी. दार लागत नाही. लखू मजेत आहे." त्यानंतर काही आले नाही.

तीन आठवडे झाले असतील. मी दुसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. दारात उजेड अडला म्हणून पाहिले तर भगवंतराव उभे होते. कोट चिखलाने भरलेला, दाढी वाढलेली, हातात काही नाही. ते एकटे होते. मुलींनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना सुट्टी दिली.

ते आत आले आणि मुलींच्या बसकरावर खाली बसले. मी पाणी दिले. त्यांनी सगळे सलग सांगितले, जसे वरच्या कचेरीला लिहितात तसे.

पाचव्या दिवशी ते एका लहानशा गावाखाली पोचले. संगम तिथून अर्ध्या दिवसावर. काठावर आंब्याचे बन, धुणे धुवायला आलेल्या बायका. काकूंना रात्रभर धाप लागली होती. बायकांनी त्यांना पाहिले, एकीने गूळ-आल्याचा काढा करून आणला, दुसरी पाय चेपत बसली. काकू त्यांच्याशी बोलू लागल्या. कुणाची मुलगी कुठे दिली, पापडात काय घालता. भगवंतरावांनी दोर सोडायला घेतला. संगमापलीकडे मोठे गाव होते, तिथे सरकारी दवाखाना होता. काकू म्हणाल्या, "नका सोडू. अठीच थांबू."

"मी म्हटलं, अर्धा दिवस आहे फक्त. डॉक्टर आहे तठी. तं तुमची काकू म्हणे, मले माणसं भेटली आहेत, आता हलवू नका. मी दोर हातात धरून उभा होतो, बाई. लखू माझ्याकडं पाहत होता. मी बांधला."

आठ दिवस नाव त्या बनाखाली बांधलेली राहिली. बायका सकाळ-संध्याकाळ येत. काकू उशीला टेकून त्यांच्यात बसत. दोन दिवस तर चांगल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी थापली. नवव्या दिवशी पहाटे गेल्या. त्या बायकांनीच सगळे केले; परक्या बाईचे कुणी करत नाही असे केले. भगवंतराव नाव त्याच गावाला देऊन आले. तिथे पुरात ओलांडायला काही नव्हते. लखू मागे राहिला, त्या लोकांना नावेच्या सवयी समजावून द्यायला.

"आणि संगम?" मी विचारले. विचारायला नको होते.

"नाही गेलो."

ते पाणी प्यायले, मग म्हणाले, "मी थांबलो ते चुकलं का, बाई? जन्मभर कोणी म्हटलं थांबा तं मी थांबलो नाही. तवाच नेमका थांबलो. दवाखाना अर्ध्या दिवसावर होता."

मी म्हटले, "घरी चला." घर माझ्याकडे होते, मी कुलूप काढले, चूल पेटवली. शेजारणी जमल्या. ते अंगणात उभे होते. सगळ्यांनी रडून घेतल्यावर आत आले.

त्यानंतर मी त्या गावात दीड वर्ष होते. त्यांनी दुसरी नाव बांधायला घेतली नाही, आराखडेही काढले नाहीत. पण चालणे सुटले नाही. सकाळी काठाने दोन कोस पश्चिमेला जात आणि दुपारी परत येत. खळ्याच्या दिवसांत ते शेजाऱ्यांकडे जाऊन वारा कुठला आहे ते पाहून उफणणी कधी करायची ते सांगत, म्हणजे कोंडा कुणाच्या घरात जाणार नाही. लोकही त्यांचे ऐकत. माझ्याशी बोलणे पूर्वीसारखेच होते. फक्त मधूनच बोलता बोलता थांबून ते माझ्याकडे पाहत, आणि मला कळे की तो प्रश्न तिथेच आहे. मी पानात काहीतरी वाढत असे.

मग माझी बदली झाली, दक्षिणेला, बीबीला. निघायच्या दिवशी ते मला नदीपर्यंत पोचवायला आले. लखू तोपर्यंत परतला होता आणि साधा डोंगा चालवत होता. पाणी उतरलेले, ऊन कोवळे. पलीकडे माझी गाडी उभी होती. डोंग्यात मी आणि ते समोरासमोर बसलो. पैलतीरी उतरल्यावर त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलली. मी नको म्हटले, तरी उचलली.

"तुम्ही सांगितलं नाही अजून," ते म्हणाले.

मी दीड वर्ष त्यावर विचार केला होता. कधी वाटे, दवाखान्यात काकू वाचल्या असत्या. कधी वाटे, त्या अर्ध्या दिवसात, हलत्या नावेत, अनोळखी पाण्यावर गेल्या असत्या आणि जवळ आंब्याचे बन नसते, बायका नसत्या. खरे काय ते मला कळले नव्हते आणि आजही, इतक्या वर्षांनी, कळलेले नाही. पण ते ट्रंक हातात घेऊन उभे होते.

"थांबलात ते बरं केलंत," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं होतं?"

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी की ऐकल्यासारखी, ते मला ओळखता आले नाही. ट्रंक गाडीत ठेवली, दोर आवळून पाहिला, मग पुन्हा सोडून नव्याने बांधला. गाडीवानाला रस्त्यातली ओल कुठे आहे ते सांगितले. मी वाकून नमस्कार केला.

"पत्र पाठवजा," ते म्हणाले, आणि लखूकडे वळले. "चाल बे, तिकडं काठावर बाया उभ्या आहेत. त्यांले उशीर होऊन राह्यला."